सावडीबाहेरचं घर

२७ ऑक्टोबर

वाकळ पिळायला दोन माणसं लागतात. मी लग्न होऊन या वाडीत आले त्या वर्षी, घट बसायच्या आधी, शेजारची कडूबाई आणि मी ओढ्यावर वाकळा धुवायला गेलो होतो. एक दिवस आमच्या घरच्या, दुसऱ्या दिवशी तिच्या घरच्या. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. ती एकीकडे पीळ द्यायची, मी दुसरीकडे. तेवढ्यात तिच्या हातून टोक निसटलं आणि मी मागच्या मागे ओढ्यात बसले. नवी साडी, कमरेपर्यंत पाणी. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, धरणावरच्या इंजिनिअरची मुलगी मी. रडावं की काय करावं कळेना. कडूबाई हसायला लागली आणि मग मीही. पोट दुखेपर्यंत हसलो. एवढंच. त्रेचाळीस वर्षं झाली त्याला.

आज ते आठवलं, कारण आज दुपारभर कडूबाई माझ्या ओट्यावर बसून होती आणि आम्हा दोघींना बोलायला काही सुचलं नाही. सकाळी ऊसतोडीची टोळी गेली. निम्मी वाडी गेली म्हणायची. आता फाल्गुनापर्यंत इथे म्हातारी माणसं, शेरडं आणि मी. कडूबाईची सिंधू आणि जावई नवनाथ निपाणीकडे गेले. सिंधू दरवर्षी निघताना पाया पडायला येते. एकोणचाळीस वर्षांची आहे, पण सव्विसाव्या वर्षी गर्भाची पिशवी काढली तेव्हापासून चालते म्हातारीसारखी. मला तिच्याकडे नीट बघवत नाही. त्या वेळी मी आत काहीतरी काम काढते. आज ती आतच आली. "येते मावशी," म्हणाली. मी तिच्या हातात चिवड्याची पिशवी दिली.

चारच्या सुमाराला कडूबाईनं एकदम कपाळ धरलं.

"आगं आई! सिंधीला लागलं."

"कुठे? काय लागलं?"

"ट्रॉलीचा दांडा. मांजरसुंब्याच्या म्होरं."

मी नवनाथला फोन लावला. तो म्हणाला, "काकी, तुमाला कसं कळलं? आत्ताच लागला. टेंगूळ आलंय."

आईचं काळीज, दुसरं काय. माझी तेजश्री बंगळूरला तापानं फणफणली होती, तेव्हा मला आठ दिवसांनी कळलं होतं. तेही तिनं सांगितलं म्हणून.

५ नोव्हेंबर

केशरबाईच्या रानात कापसाची वेचणी चालू होती. मी बांधावरून जाताना थांबले. अकरा बाया, कापसासाठी कमरेला ओट्या बांधलेल्या, आणि सगळ्या गप्प. वेचणीला बाया गप्प बसल्या आहेत हे मी या जन्मी पाहिलं नव्हतं. मग एकदम, कुणी काही न बोलता, अकराही जणी खदखदून हसल्या.

"काय झालं गं?" मी विचारलं.

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. केशरबाई म्हणाली, "काय न्हाई वैनी, धुळाजीचं धोतर."

"धुळाजी तर टोळीबरोबर गेलाय ना?"

"तिकडंच की. बैलानं धरलं." पुढे ती सांगायला लागली, अडखळली, आणि हात हलवून म्हणाली, "सांगाया बसलं तर लई लांब हाय."

संध्याकाळी कडूबाईनं समजावलं. आमच्याकडे सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत करायचं, उद्या माझं. रोजगार कुणी कुणाला द्यायचा नाही. माझ्या सासूबाईंनी मी आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं, "आपल्यात सावड करीत नाहीत, आपण बाया लावतो." तेव्हापासून मी बायाच लावत आले.

"ज्यांनी ज्यांनी सावड केली ना वैनी, त्यांचं समद्यांचं मन आता एकच झालंय," कडूबाई म्हणाली. "केशरच्या मनात आलं की माज्या बी येतंय. तिकडं टोळीतल्यांचं बी."

"भीती नाही वाटत?"

"पयले दोन दिस वाटली. मंग ती बी वाटून घेतली समद्यांनी. चिमूट चिमूट आली."

तिची थट्टा चालली असावी असं वाटलं, पण कडूबाई थट्टा करताना डोळे बारीक करते. तसे केले नव्हते.

६ नोव्हेंबर

पारावर धोंडीराममामा भेटले. ऐंशीच्या पुढचे आहेत, पण जिभेला वय नाही. म्हणाले, "सूनबाई, पयले हाताची सावड व्हती, आता डोस्क्याची आली. माजं बरं झालं. मला कुठं व्हतं डोस्कं!"

१० नोव्हेंबर

कुणी काही सांगत नाही. मुद्दाम नव्हे. त्यांना आता सांगायची गरजच पडत नाही, आणि मला सांगावं लागतं हे त्यांच्या लक्षात राहत नाही. केशरबाईच्या दुकानात माणूस जाऊन उभं राहिलं की ती पुडी पुढे करते. मी गेले की विचारते, "काय पायजे वैनी?" तेही मोठ्यानं, बहिऱ्याला विचारावं तसं. मला त्या मोठ्या आवाजाचं वाईट वाटतं.

कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवर आम्ही बत्तीस मुली एका हॉलमध्ये झोपायचो. पहिल्या वर्षी मला तिथे फार एकटं वाटे. रात्री हळूहळू बाकीच्या एकतीस जणींचा श्वास एका लयीत येऊ लागे आणि माझाच तेवढा मागेपुढे व्हायचा. सध्या वाडीत तसंच वाटतं.

आज धोंडीराममामांनी मला हाक मारली. "सूनबाई, तुमी वड्यात पडला ना, तवा तुमचं जोडवं निघालं व्हतं. कडूनं वाळूतून हुडकून दिलं."

मी म्हटलं, "मामा, तुम्ही तिथे कुठे होतात?"

"मी न्हवतो. पर आता हाय." मग म्हणाले, "अन् ती वाकळ काय निसटली न्हाई. कडूनं सोडली."

"का?"

"तुमी आठ दिस नुसत्या रडत व्हता. म्हनली, हसवावं हिला."

मी वळून चालू लागले. त्रेचाळीस वर्षं मी ती आठवण घडी घालून जपली आणि तिचा अर्धा भाग माझ्याकडे नव्हताच. आता तो सगळ्यांकडे आहे. धोंडीराममामांकडे आहे.

ते मागून म्हणाले, "तुमी बी या की. वाकळा पिळल्या, एक दिस तुमच्या, एक दिस तिच्या, मंग ती सावड न्हाई तर काय व्हती?"

मी म्हटलं, "वाकळा म्हणजे काही शेत नव्हे, मामा."

१३ नोव्हेंबर

तीन दिवस एकच विचार. त्यांना कडूबाईच्या आतलं दिसतं. उद्या मी त्यांच्यात गेले तर माझ्या आतलं दिसेल.

शाळेत शनिवारी ख्रिश्चन मुली चॅपलमध्ये कबुली द्यायला जात. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर बसायचो. त्या बाहेर यायच्या त्या हलक्या होऊन, उड्या मारत. मला हेवा वाटायचा. आमच्यासाठी तसं काही नव्हतं. म्हणून ही वही. निदान हिच्यात तरी लिहावं, कारण हिच्यातलं कुठे जात नाही.

सत्त्याण्णव साली सिंधू चौथीत पहिली आली. दुपारी माझ्या ओट्यावर बसून इंग्रजी अक्षरं काढायची. माझी तेजश्री काढायची त्याहून वळणदार. कडूबाई मला म्हणाली, "वैनी, हिला तुमच्या त्या शाळेत टाका की. तुमच्या सिस्टरला चिठ्ठी लिवा." सिस्टर क्लारा तेव्हा मुख्याध्यापिका होत्या. माझ्या एका चिठ्ठीवर त्यांनी सिंधूला हॉस्टेलसकट फुकट घेतलं असतं. मी कडूबाईला सांगितलं, लिहिली. पुढे सांगितलं, उत्तर आलं नाही.

मी चिठ्ठी लिहिलीच नव्हती.

तिथे पोर एकटी पडेल, रडेल, मी रडले तशी, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. ती शाळा माझी होती. वाडीत माझं एकटीचं असं तेवढंच होतं. त्या हॉलमध्ये, त्या बाकावर कडूबाईची मुलगी बसणार, हे मला सोसलं नाही. चौदाव्या वर्षी सिंधूचं लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी ती ऊसतोडीच्या फडात गेली.

कडूबाईनं पुन्हा कधी विचारलं नाही. तिला हे कळता कामा नये. एकटं राहिलेलं परवडलं.

१५ नोव्हेंबर

तळहात चुरचुरतात. चिरा कुठे दिसत नाहीत. थंडीनं असेल. खोबरेल लावलं.

१९ नोव्हेंबर

कडूबाई सहा दिवस आली नाही. तिला बरं नसेल म्हणून मी काल पेज घेऊन गेले. ती अंगणात शेरडाजवळ उभी होती, चांगली धडधाकट. माझ्याकडे पाहिलं आणि शेरडाकडे वळली. "ठेवा तितं," म्हणाली. बसा म्हणाली नाही.

दुकानात केशरबाईनंही काय पाहिजे ते विचारलं नाही. मोठ्यानंही नाही, हळूही नाही. सावडीत ये म्हणून धोंडीराममामांनी सांगितलं आणि मी गेले नाही, त्याचा राग आला असेल साऱ्यांना. गावाला असा राग येतो. बरं असतं ते, निवळतो.

आज दुपारी जरा डोळा लागला आणि उठले तर तोंडात गार भाकरी आणि लसणाच्या ठेच्याची चव. मी दुपारी वरणभात खाल्ला होता. वय झालं की जिभेचं असं होतं म्हणतात. पायही ओल्यात उभं राहिल्यासारखे गार पडतात. डॉक्टरांना दाखवायला नेकनूरला जायला हवं.

२४ नोव्हेंबर

सिंधूचा फोन आला. तिनं आजवर मला कधी फोन केला नव्हता. काही निरोप असला तर नवनाथ करतो. मागे ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

"मावशी, जेवलाव का?"

"जेवले. तू कशी आहेस? टेंगूळ उतरलं?"

"उतरलं." मग म्हणाली, "त्या हॉलात खिडक्या लई उच व्हत्या ना? कावून वो? पोरींना भाईरचं दिसू नये म्हनून?"

"कुठल्या हॉलमध्ये?"

"तुमच्या शाळंच्या. हिरवे पडदे हायेत बगा. अन् खाटंवर नंबर. तुमचा सतरा."

मला नवल वाटलं. खाटेच्या नंबराचं मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. पण कडूबाईजवळ कधीतरी बोलले असेन आणि तिनं लेकीला सांगितलं असेल. सिंधूची आठवण पक्की, लहानपणापासून.

मी म्हटलं, "हो, सतरा."

"चांगली व्हती शाळा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. एखाद्या घराच्या दारातून आत डोकावून पाहावं आणि निघून जावं, तसं काहीतरी.

२७ नोव्हेंबर

मी सांगणार. तोंडानं सांगणार. सावडीबिवडीत आपोआप कळलं तर ते सांगणं नव्हे.

२९ नोव्हेंबर

सांगितलं.

कडूबाईच्या अंगणात गेले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही समोर बसले आणि चार शेंगा हातात घेतल्या.

"कडूबाई, सिंधूच्या शाळेसाठी मी चिठ्ठी लिहिलीच नव्हती."

"म्हाईत हाय."

शेंगा माझ्या हातातच राहिल्या. "कधीपासून?"

"झाले की पंधरा दिस. तुमी वहीत लिवत व्हता, मी शेरडाला पाला टाकत व्हते. पाला हातातच ऱ्हायला माज्या."

"पण मी तर सावडीत नाही!"

"हाव की. कवाच्या. तुमचं समदं हिकडं येतंय. आमचंच तुमच्याकडं नीट जाईना. तुमी दार लावून बसलाव. फटीतनं जेवढं जातंय तेवढं जातंय."

मला तळहात आठवले, भाकरीची चव आठवली. "मग बोलली का नाहीस?"

"कावून बोलावं? अठ्ठावीस वर्सं तुमी बोलला न्हाई. मी बगत व्हते, सांगतेत का न्हाई."

"राग आला?"

"आला?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आजून हाय. ह्या हितं हाय. सिंधीचा माज्याहून थोरला हाय. केशरचा हाय, धोंडीमामाचा हाय. समद्यांचा मिळून एकच."

"मग सिंधूनं फोन का केला?"

"तिला शाळा बगायची व्हती. तुमच्यात दिसली तिला. दिसभर ऊस तोडीत व्हती अन् तुमच्या शाळंत हिंडत व्हती. सांजच्याला रडली. आमी समदेच रडलो. तुमी तेवढ्या झोपल्या व्हत्या."

क्षमा कर म्हणाले. ती म्हणाली, "ते नगा म्हनू. म्हनलं की मला काय तरी म्हनावं लागंल."

हातातल्या शेंगा सोलून झाल्यावर मी विचारलं, "दार कसं उघडायचं?"

"शुक्रवारी माज्या रानात फरदडीचा कापूस वेचायला या. हातानं. बाया लावू नगा. सोमवारी मी तुमच्याकडं येते." ती सोललेले दाणे सुपात पाखडू लागली. "पर सांगून ठेवते वैनी. आत आलाव की पयला तो रागच भेटंल. माजा, सिंधीचा, समद्यांचा. तुमाला तुमचाच राग यील, अन् तो आमच्याएवढा असंल. न्हाई आलाव तरी कुनी काय म्हननार न्हाई."

"भीती वाटून घेतली की कमी होते म्हणालीस. रागही होतो का?"

"भीतीचं म्हाईत हाय. रागाचं आजून बगितलं न्हाई."

३० नोव्हेंबर

रविवार. तेजश्रीचा फोन. मी तिला सगळं सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "आई, तू एकटी राहून राहून काहीतरी मनात घेतेस. मी तिकीट काढते, मंगळवारी ये. आमच्या इथे तुझ्या वयाच्या बायकांचा ग्रुपही आहे."

"तुला सिंधू आठवते का?"

"कोण सिंधू? अगं हां, ती कडूबाईची. माझ्या जुन्या फ्रॉकमध्ये फिरायची ती?"

फ्रॉक मीच दिले होते. मला ते दिल्याचा अभिमान होता. मी तेजश्रीला म्हटलं, तिकीट काढू नकोस. ती रागावली. आपला राग तिनं एकटीनं घेतला, मी माझं वाईट वाटणं एकटीनं घेतलं आणि फोन ठेवले. आजवर आम्ही दोघी असंच करत आलो. हे वारल्यापासून तर जास्तच.

२ डिसेंबर

घाबरले आहे. लपवण्यात अर्थ नाही, तेही त्यांना कळतच असणार. आज संध्याकाळी धोंडीराममामा कुंपणाशी येऊन उगाच उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, तुमच्या भीतीनं मला दुपारी भाकर गोड लागंना. जरा कमी भ्या."

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

बंगळूरला जाता येईल. तिथे माझ्या आतलं कुणाला कळणार नाही, आणि तिथे माझ्यावर कुणी एवढं रागावणारही नाही. इथे सगळी वाडी माझ्यावर रागावून आहे आणि तरी त्यांतल्या एकाला माझ्या भीतीमुळे भाकरी गोड लागत नाही. मी जाणार आहे शुक्रवारी. ओटी शिवून ठेवली आहे, जुन्या पातळाची.

४ डिसेंबर

उद्या सकाळी आठ वाजता कडूबाईचं रान.

उद्यानंतर 'माझं' म्हणून काही उरेल की नाही, ते सांगता येत नाही. कडूबाई म्हणते उरतं, पण त्याला कुलूप लागत नाही. म्हणून घरातल्या वस्तूंचं आज लिहून ठेवते. आज ठरवणारी मी एकटी आहे.

माझी पोत आणि कानांतलं तेजश्रीला. ही वहीही तिलाच. तिच्यापर्यंत सावड पोचत नाही, तिला वाचावंच लागेल. घाईनं वाचू नये.

शिलाई मशीन केशरबाईला. पट्टा नवा आहे. दुकानात दक्षिणेकडच्या दाराशी ठेवावं, तिथे उजेड चांगला येतो. सुया डाव्या खणात.

ह्यांचा रेडिओ आणि लोकरी मफलर धोंडीराममामांना. रेडिओ मधूनच बंद पडतो, डाव्या बाजूला एक थाप मारावी.

ह्यांचे गमबूट नवनाथला. एकदाच वापरलेले आहेत. पहाटे फडात उसाचं पाचट ओलं असतं आणि त्याची उजवी चप्पल तुटली आहे, दोरीनं बांधून चालवतोय. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर मार्चपर्यंत थांबू नये, हातोहात पाठवावेत.

भांडी, तांब्याचं घंघाळ, दोन्ही कपाटं वाडीत ज्याला लागतील त्यानं न्यावीत. आता कुणाला काय लागतं ते विचारावं लागणार नाही.

कडूबाईसाठी काय लिहावं? तिनं या घराकडे एकदाच काहीतरी मागितलं होतं. दुसरं काही तिच्या नावानं लिहिलं तर ते त्याच्या बदल्यात दिल्यासारखं होईल. म्हणून तिच्या नावापुढची ओळ मोकळी ठेवते.

माझी शाळेची पुस्तकं, प्रमाणपत्रं, सिस्टर क्लारांबरोबरचा वर्गाचा फोटो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्याचं काय करायचं ते सिंधूनं ठरवावं. जाळलं तरी चालेल.

टोळी फाल्गुनात परत येईल. आल्यावर घराची किल्ली सिंधूच्या हातात द्यावी आणि तिला एकटीला आत जाऊ द्यावं. तिला जे हवं असेल ते तिनं घ्यावं. काही नको म्हणाली तर तिला कुणी आग्रह करू नये.